माळावरची हिरवी जागा

पूजा आटोपेपर्यंत राजेश्वरी कुणाशी बोलत नसे. नेम लग्नाच्याही आधीपासूनचा. अंघोळ, कपाळाला विभूतीची तीन बोटं, मग घोंगडीवर बसून डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचं, त्यावर पाणी, एक बेलाचं पान आणि एकशे आठ वेळा पंचाक्षरी. "तोवर घराला आग लागली तरी ही बोटानं पाण्याचा हौद दाखवील, पण तोंड उघडायची न्हाय," असं सोमलिंगप्पा पाहुण्यांना हसत हसत सांगायचे. ते तिचे यजमान. गेल्या ज्येष्ठात वारले, लिंगैक्य झाले. आता माघ चालला होता.

त्या सकाळीही ती बसली. बाहेर सोप्यात तिचे दीर शिवलिंगप्पा चहाची वाट बघत मुद्दाम खोकत होते. सोलापूरचा पाहुणा नऊला यायचा होता. जप चालू होता, बोटं मोजत होती आणि मन कुठंच नव्हतं. आठ महिने हे असंच चाललं होतं. रडू आलं नव्हतं. जेवायची वेळ झाली म्हणून जेवायचं, दिवा मालवला म्हणून झोपायचं. लोक म्हणत, बाई मोठी धीराची. धीर कसला? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, मग त्यावर कुणाचा पाय पडला तरी समजत नाही. तिचं आतून तसं झालं होतं, एवढंच.

त्याचं कारण तिला माहीत होतं. ते रोज सकाळी तिच्या तळहातावर असायचं.

लिंगायताच्या गळ्यातलं इष्टलिंग म्हणजे त्याचा जीव. लहानपणी गुरू बांधतात, ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. दुसऱ्याचं घ्यायचं नाही, आपलं द्यायचं नाही. माणूस गेला की त्याला बसवून समाधी देतात आणि त्याचं लिंग त्याच्याच डाव्या तळहातावर ठेवतात. दोघं सोबत जातात. ज्येष्ठातल्या त्या सकाळी दोघं नवराबायको रोजच्यासारखी शेजारी शेजारी पूजेला बसली होती. सोमलिंगप्पांनी एकदा तिच्याकडं बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि कलंडले. त्यांच्या हातातलं लिंग घोंगडीवर गडगडलं. त्यांना सावरायला ती वळली तसं तिच्या हातातलंही गडगडलं. दोन्ही काळीभोर, आवळ्याएवढी. चांदीच्या डब्याही लग्नात एकाच सोनारानं घडवलेल्या, सारख्याला सारख्या. ओरडाओरडीत तिनंच दोन्ही उचलली. एक त्यांच्या गळ्यात, एक आपल्या. संध्याकाळी जंगमस्वामींनी त्यांच्या गळ्यातली डबी उघडून लिंग त्यांच्या हातावर ठेवलं. वर विभूती, बेल, मीठ, माती.

तिसऱ्या दिवशी ती पूजेला बसली तेव्हा कळलं. तिच्या लिंगाला खालच्या अंगाला कणीएवढा टवका होता. सातव्या वर्षी आजोळच्या आडाजवळ पडली होती, तेव्हाचा. पूजा करताना अंगठा आपोआप त्या टवक्यावर जायचा. त्या दिवशीही गेला. सगळं गुळगुळीत होतं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. स्वामींना नाही, पुण्याच्या लेकीला, शिवांजलीला नाही. ती नवऱ्याचं लिंग हातावर घेऊन पूजा करत राहिली, आणि तिचं स्वतःचं माळावर, मातीखाली, त्यांच्या हातात. ज्याचं लिंग गेलं ते माणूसच गेलं म्हणायचं, असं तिची आजी सांगायची. मग त्या दिवशी पुरलं कुणाला? हा प्रश्न तिला रोज पडायचा. उत्तर न शोधता ती बेलाचं पान ठेवायची.

माळाची गोष्ट अशी. सोमलिंगप्पांनी वीस वर्षं मस्कतला रस्ते बांधले आणि तिथल्या वाळवंटात गोल्फ शिकले. परतल्यावर जळकोटच्या वरच्या अंगाला वडिलांचा चाळीस एकर डोंगरमाळ होता. कुसळ, तरवड आणि दगड याशिवाय तिथं कधी काही उगवलं नाही. तिथं त्यांनी नऊ होलांचं मैदान केलं. हिरवळ नव्हती. माणसाला प्यायला टँकर, तिथं हिरवळीला पाणी कोण देणार? मस्कतसारखंच केलं. होलाभोवती वाळूचं गोल अंगण, वाळू उडू नये म्हणून तिच्यात नळदुर्गाच्या गॅरेजांतून आणलेलं जळकं ऑईल कालवलेलं. प्रत्येकानं काखेत चटईचा तुकडा न्यायचा, चेंडू जिथं पडेल तिथं तो चटईवर ठेवून टोलवायचा. आणि सुरुवात करायला दगड रचून मुरूम भरलेला चौकोनी ओटा. गाव त्याला चेंडूमाळ म्हणे. पाटी नाही, फी नाही. सोमलिंगप्पा ज्याला ओळखत त्यालाच फाटक उघडं. बाकी सगळं राखणं गडी बलभीमकडं. नऊही ओटे त्याच्या हातचे. दहावाही त्यानंच केला. सहाव्या ओट्याच्या अलीकडं, माळाच्या सगळ्यात उंच जागी. तो समाधीचा.

राजेश्वरी त्या समाधीवर रोज पूजेनंतर एक घागर पाणी घालायची आणि मगच घास घ्यायची. आठ महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता.

पंधरा दिवसांपूर्वी शिवलिंगप्पांनी विषय काढला होता. "वयनी, एवढा माळ घेऊन तुम्ही एकट्या काय करणार? शिवांजली पुण्याला बोलावतीय. रणधीर म्हणून सोलापूरचा एक बिल्डर हाय, मोठं रिसॉर्ट काढायचं म्हणतोय. समाधी तेवढी आपण उकरून खाली मळ्यात नेऊ. स्वामींना विचारलंय म्या, विधी करून नेता येतं म्हणाले."

ती भांडी पुसत होती. हात थांबले. "उकरायची म्हणजे... लिंग वर येईल?"

"येणारच की. नव्या जागी परत हातावर ठेवायचं."

"चालेल," ती म्हणाली.

शिवलिंगप्पांना वाटलं होतं, बाई महिनाभर तरी ऐकायची नाही. त्यांनी तोंडात टाकायला उचललेली सुपारी तशीच हातात राहिली. का चालेल, ते तिचं तिला ठाऊक. खड्डा उघडला की ती जवळ उभी राहणार. गर्दी, मंत्र, धूर. पदराखाली एक क्षण पुरे. ज्याचं त्याच्याकडं जाईल, कुणाला कळायचं नाही. त्यासाठी चाळीस एकर गेले तर गेले.

आज रणधीरनं माळ बघायचा आणि दुपारी सह्या करायच्या, असं ठरलं होतं.

पूजा संपली. चहा देताना ती म्हणाली, "आज पाणी खेळताना वर गेल्यावरच घालते. घागर बलभीमकडं देऊन ठेवली."

"म्हणजे तोवर उपाशीच?"

"असू दे."

रणधीर चाळिशीचा, अदबशीर माणूस निघाला. पांढरी टोपी, काठ्यांची भारी पिशवी. राजेश्वरीनं पदर खोचून पायात कापडी बूट घातलेले बघून तो चपापला. "काकू, तुम्हीपण खेळणार?"

"खेळल्याशिवाय माळ कुणाला दाखवायचा नाही, असं ह्यांचं होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"आक्का सरळ मारत्यात," बलभीमनं भर घातली. "आखूड, पर सरळ. आप्पाचं उलटं. लांब, पर जळकोटाकडं."

"तू पिशवी उचल रे," शिवलिंगप्पा म्हणाले.

हवेत गारवा होता. खाली खोऱ्यात ज्वारी कणसाला आलेली. बालाघाटाचे सपाट माथ्यांचे डोंगर एकामागं एक निळसर होत गेलेले, आणि पार टोकाला नळदुर्गाचा किल्ला धुरकट. हायवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे चाललेले, आवाज मात्र येत नव्हता. रणधीर पहिल्याच ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय जागा आहे हो! हे सगळं हिरवं केलं की हैदराबादची माणसं रांग लावतील."

"पाणी कुटलं आणणार सायेब?" बलभीमनं विचारलं.

"बोअर मारू की दहा."

"मारा. गावानं बी मारल्यात. धूळ लई झकास येती."

राजेश्वरीला पूर्वी इथं प्रत्येक टोल्याचा आवाज आवडायचा. टक्, आणि मग डोंगरानं ओंजळीत घेतल्यासारखी शांतता. आता तो आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येई. तिनं चटई टाकली, चेंडू ठेवला, मारला. सोमलिंगप्पांचेच चेंडू होते. आपले ओळखू यावेत म्हणून त्यांनी प्रत्येकावर काळ्या शाईनं तीन आडव्या रेघा काढलेल्या, विभूतीसारख्या. ती चालली, पुन्हा मारला. वाळूच्या अंगणात बलभीम फळी ओढून पावलं पुसून घेई, आणि रणधीर तेही गमतीनं बघे.

चौथ्याला घोळ झाला. शिवलिंगप्पांचा आणि रणधीरचा, दोन्ही चेंडू तरवडाच्या एकाच जाळीशी गेले होते. शिवलिंगप्पांनी पुढं होऊन एक मारला, आणि आश्चर्य म्हणजे तो सरळ जाऊन वाळूत पडला.

"आय्तु!" कानडीत खूश होऊन ते म्हणाले. झालं!

"काय आय्तु, आप्पा," बलभीम जाळीतून वाकून म्हणाला. "तुमचा ह्यो इथं हाय. मारला तो सायबाचा."

"आरं चेंडू चेंडूच की! सगळे बत्ताशावानी पांढरे."

"म्हणून सायबाच्या ताटातला बत्तासा खायचा व्हय?"

रणधीर मनापासून हसला. "जाऊ द्या हो आप्पा. तुमचा मी मारतो. फिट्टंफाट."

"नाही."

तिघांनी वळून बघितलं. राजेश्वरीलाही आपण बोललो हे नंतर कळलं. ती थांबली असती, पण शब्द पुढं येत राहिले, सोमलिंगप्पांच्याच तोंडचे, बारा वर्षं ऐकलेले. "दुसऱ्याचा मारला गेला तर तिथंच सांगायचं. मागं येऊन आपला मारायचा, दोन टोले जास्त धरायचे. तेवढ्यावर भागतं. पण न सांगता पुढच्या ओट्यावर चढलं की मग सगळा खेळच बाद."

"आसं का?" शिवलिंगप्पा कुरकुरत मागं आले. "दादाचे कायदे दादाबरोबर गेले न्हाईत वाटतं."

रणधीरनं मान डोलावली. "बरोबर आहे काकूंचं. नियम तोच आहे."

ती पुढं चालू लागली. पायाखाली कुसळ चुरचुरत होतं. आपण किती ओटे चढलो, तिनं मनात मोजून बघितलं. तिसऱ्या दिवशी कळलं होतं, तेव्हा स्वामी खाली गावात मठातच होते. तो एक ओटा. पाचवा दिवस, तेव्हा सगळे नातेवाईक होते. मासिक झालं, दसरा झाला, दिवाळीला लेक आली. मग मोजणंही सुटलं. त्यात दुःख नव्हतं. पाढा म्हणावा तसं ते झालं आणि संपलं.

पाचवा झाला. सहाव्याकडं चढ होता. राजेश्वरी मागं पडली, उपाशीपोटी दम लागत होता. शिवलिंगप्पा तिच्याबरोबर हळू चालले. बलभीम खालीच राहिला होता, वाळू पुसायला. रणधीर मात्र लांब ढांगा टाकत वर गेला. चढ संपतो तिथं सगळा पिवळा, खरबडीत माळ, आणि त्यात मधोमध एक चौकोन हिरवागार. दगड रचून भरलेला, सपाट, गुडघ्याएवढा उंच. बाकीच्या ओट्यांसारखाच, फक्त त्याच्यावर मऊ, दाट हरळी.

"काकू!" वरून त्याचा आवाज आला. "हा ओटा कुणी केला? नंबर वन! सगळा माळ असाच करायचा आपल्याला!"

ती मान वर करेपर्यंत तो ओट्यावर चढला होता. वाकला. खिशातला लाकडी खिळा काढून त्यानं हरळीत रोवला, वर चेंडू ठेवला आणि दोन पावलं मागं येऊन पाय रोवून उभा राहिला.

"ओ सायेब! ओ!" शिवलिंगप्पा धोतर सावरत पळाले. "उतरा! उतरा आधी! माझा भाऊ हाय तो!"

खालून बलभीमनं फळी टाकली आणि डोक्याला हात लावला.

रणधीरनं आधी मागं बघितलं, मग पायाखाली. मग त्याला समजलं. तो उडी मारून खाली आला, तिथंच बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी त्या खडकावर हात जोडून उभा राहिला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "काकू, देवाशपथ मला कळलं नाही. सगळ्या माळात हिरवं दिसलं, म्हणून..."

"तुमची काय चूक," राजेश्वरी म्हणाली. ती वर पोचली होती. "पाटी नाही, काही नाही. ओटा ओट्यासारखाच आहे."

धापा टाकत वर आलेला बलभीम रडकुंडीला आला. "आक्का, माझ्या हाताला दुसरं माप येतच न्हाय. नऊ केले तसाच ह्यो बी झाला."

तिनं बूट काढले. चेंडू उचलून बाजूला ठेवला. खिळा तसाच उभा होता, पार बुडापर्यंत गेलेला. बाकी माळावर खिळा रोवायला दगडानं ठोकावं लागतं. इथं नुसत्या अंगठ्यानं गेला. आठ महिन्यांचं पाणी होतं त्या मातीत. तिनं खिळा उपटला आणि ते भोक बुजवायला बोट घातलं.

बोट पेरापर्यंत आत गेलं. माती गार होती.

एवढंच. गार. पण ते तिला लागलं. ती तशीच बसून राहिली, बोट आत ठेवून. खिळा इतक्या सहज गेला, कुदळही अशीच जाईल, असं तिच्या मनात आलं. काही अडवणार नाही. मऊ मातीत भराभर जाईल, तिनंच मऊ केलेल्या. आणि तळाशी ते बसलेले असतील, डावा हात पुढं करून, त्यात जे दिलं ते धरून. आणि आपण पदराखाली हात घेऊन काठावर.

"भाऊजी," ती म्हणाली. "समाधी उघडायची नाही."

शिवलिंगप्पा घाम पुसत होते. "आता काय झालं? सायबानं माफी मागितली की. जाणून थोडंच..."

"त्यांच्यामुळं नाही. मला तुम्हाला एक सांगायचंय. फार आधी सांगायचं होतं." ती उठली नाही. "ह्यांच्या हातात माझं लिंग आहे. माझ्या गळ्यात ह्यांचं."

बलभीमनं नकळत दोन पावलं मागं घेतली. घरातलं बोलणं होतं.

"काय बोलताय वयनी?"

"त्या सकाळी दोन्ही खाली पडली. मीच उचलली, मीच घातली. तिसऱ्या दिवशी कळलं."

"शिवा, शिवा, शिवा." शिवलिंगप्पांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. "आठ महिने?"

"आठ महिने."

"मग उघडायलाच पाहिजे की! ही काय ल्हान गोष्ट हाय? स्वामी मंत्र म्हणतील, ज्याचं त्याला देतील. दादाचा जीव तिकडं, तुमचा..."

"तेवढ्यासाठीच मी हो म्हणाले होते. तुम्हाला नाही, स्वामींना नाही, कुणाला न सांगता बदलून घ्यायचं ठरवलं होतं. चोरून." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यात चढ नव्हता की उतार. "मी ज्यांच्या हातात दिलं त्यांच्या हातून ओढून घ्यायचं नाही. ते बसलेत, बसू देत. स्वामींना उद्या सांगते. ते जे प्रायश्चित्त देतील ते घेते. आणि माळ द्यायचा नाही."

"आवं पण कागदं..."

"सही माझी राहिली आहे ना? करायची नाही."

शिवलिंगप्पा दगडावर बसले. दादा गेला तेव्हाही ते चारचौघांत उभेच राहिले होते, आता मात्र डोळे पुसायला त्यांनी टोपी काढली. राजेश्वरीनं ते बघितलं. आपलेही डोळे भरून येतील म्हणून ती थोडी थांबली. नाही आले.

ती रणधीरकडं वळली. "तुम्हाला हेलपाटा पडला."

तो अजून अनवाणीच होता. तापू लागलेल्या खडकावर पाय आलटूनपालटून टेकत होता. "हेलपाटा कसला, काकू." मग अवघडून, "अजून चार राहिलेत ना? का इथंच थांबायचं?"

"नऊ झाल्याशिवाय परत जायचं नाही, असं ह्यांचं होतं."

"मग खेळू या."

बलभीमनं घागर आणून दिली. राजेश्वरीनं पाणी घातलं, पान ठेवलं. पाणी हरळीत एका जागी न साचता आत गेलं. मग चौघं पलीकडच्या, खऱ्या सहाव्या ओट्यावर गेले. तिथं खिळा जाईना, बलभीमनं दगडानं ठोकला. रणधीरनं मारला, शिवलिंगप्पांनी मारला, तिनं मारला. आखूड आणि सरळ. बोटावरची माती वाळून आवळत होती. तिनं ती धुतली नाही. सातव्यापर्यंत तेवढं एक बोट तिला आपलं वाटत होतं. आठव्याला तेही बाकीच्यांसारखं झालं.

रणधीर जेवून गेला. जाताना समाधीच्या दिशेनं, लांबूनच, हात जोडून गेला. शिवलिंगप्पा मात्र जेवले नाहीत. सोप्यात पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मठात म्या येतो संगं. सकाळी कधी निघायचं?"

"पूजा झाल्यावर."

"पूजा..." ते अडखळले. उद्याची पूजा ती कुणाच्या लिंगाची करणार, हे विचारायला त्यांची जीभ उचलेना.

"हातात आहे त्याची," राजेश्वरी म्हणाली आणि त्यांचं ताट वाढायला आत गेली.